जवळची तारीख पुढे

कराडच्या देशमाने कुटुंबात दिवाळीची साफसफाई संपत आली तेव्हा एकच ड्रॉवर उरला होता. तारीख होती २५ ऑक्टोबर २०४३, वार रविवार. ड्रॉवर बेसिनखालचा. त्यात लेन्सचे काही उघडे, काही बंद खोके, त्यांतून बाहेर आलेल्या पट्ट्या, केसांच्या पिना, पिळून संपवलेली टूथपेस्ट आणि एक गंजका नेलकटर असा ऐवज होता.

"ह्याला ड्रॉवर म्हणायचं?" दिनकररावांनी सुनेला विचारले. "भेळेच्या गाडीवर याहून शिस्त असते."

"सापडतं की सगळं, नाना," ऋतुजा म्हणाली.

"सापडतं ते नशिबानं. माझ्या दुकानात असं दिसलं असतं तर ड्रग इन्स्पेक्टरनं मलाच खोक्यात घालून नेलं असतं."

दिनकरराव बहात्तर वर्षांचे होते. बस स्टँडसमोर त्यांनी एक्केचाळीस वर्षे देशमाने मेडिकल चालवले. औषधे थेट घरपोच येऊ लागल्यावर दुकान बंद झाले, आणि तीन वर्षांपूर्वी पत्नी गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले. सकाळी फिरणे, दुपारी झोप, संध्याकाळी बातम्या. हाताला काम नव्हते. त्या रविवारी मिळाले.

त्यांनी जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि सगळे खोके रिकामे केले. एका खोक्यात चार पट्ट्या, एका पट्टीत सात लेन्स, म्हणजे आठवड्याची एक पट्टी. प्रत्येक पट्टीच्या मागे वापराची मुदत छापलेली होती. खोके त्यांनी मोडून, सपाट करून रद्दीत टाकले. निम्मी जागा खोकेच खातात, हे त्यांना दुकानामुळे माहीत होते. मग पट्ट्या मुदतीप्रमाणे लावल्या. जवळची तारीख पुढे, लांबची मागे. आधी संपणारा माल आधी विकायचा, हा औषधाच्या दुकानाचा पहिला नियम. एक्केचाळीस वर्षांत मुदत उलटलेली एकही बाटली त्यांच्या काउंटरवरून गिऱ्हाइकाच्या हातात गेली नव्हती.

दोन तासांनी ड्रॉवर उघडला तेव्हा ऋतुजाने त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. "आमच्या घरात मेडिकल उघडलंय," असे खाली लिहिले.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी दिनकरराव ड्रॉवरमधल्या पुढच्या दोन पट्ट्या काढत. एक सुनेच्या ड्युटीच्या बॅगेत ठेवत, दुसरी स्वतःच्या दाढीच्या सामानात. ऋतुजाची एक कटकट कमी झाली. नानांचा सोमवार भरला.

या लेन्सना नंबर नव्हता. सासऱ्यांची नजर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर स्वच्छ होती आणि सुनेला चष्मा कधी लागलाच नव्हता. लेन्स फक्त डाव्या डोळ्यात घालायची, आणि ती असायची अश्रू वाचायला.

अश्रू म्हणजे नुसते मिठाचे पाणी नव्हे. त्यात शेकडो प्रकारची प्रथिने असतात आणि शरीरात आत काय चालले आहे याचा माग त्यांतून काढता येतो. लेन्सच्या काठाला केसाहून पातळ असा जेलचा पट्टा होता. ठरावीक प्रथिने तो दिवसभर टिपून घेई. संध्याकाळी लेन्स काढून एका छोट्या डबीत टाकायची; अशी एक डबी घरी होती आणि एक डेपोतही. डबी तिच्यावर प्रकाश सोडून मोजणी करी, आकडे खात्यावर पाठवी आणि लेन्स जाळून टाकी. सगळ्यात महत्त्वाचा आकडा एका प्रथिनाचा होता. मेंदूतले हे प्रथिन कधी कधी चुकीच्या घडीत दुमडते. एकाची घडी चुकली की शेजारच्याची चुकते, आणि वर्षानुवर्षे हे पसरत जाऊन शेवटी हात थरथरू लागतात. कंपवाताची ही चाहूल हात हलण्याच्या सात-आठ वर्षे आधी लेन्सला लागत असे.

कुठली लेन्स कुणाची, हे डबीला काठावरच्या एका सूक्ष्म खुणेवरून कळे. खूण खोक्याशी जोडलेली असे आणि खोका विकताना माणसाच्या नावाशी. अश्रूंतल्या डीएनएवरून माणूस ओळखणे जास्त सोपे होते, पण कायद्याने त्याला मनाई केली होती. आपल्या डोळ्यातले पाणी कुणी कुंडलीसारखे वाचू नये, असे लोकांचे म्हणणे पडले होते. त्यामुळे नाव खोक्यावर छापले जाई. पट्टीवर नसे.

दिनकररावांना लेन्स त्या ऑक्टोबरच्या मध्यापासूनच ज्येष्ठांच्या विमा योजनेतून मिळू लागल्या होत्या. ऋतुजाला त्या घालाव्याच लागत, कारण ती घाटचालक होती.

*

कराड–चिपळूण बस हेळवाकपर्यंत आपली आपण चालत असे. तिथून पुढे कुंभार्ली घाट लागतो. धुके, दरडी, वळणावर बसलेली जनावरे आणि मध्येच गायब होणारे नेटवर्क, यांमुळे घाटात स्टिअरिंग माणसाच्या हातातच असले पाहिजे, असा नियम होता. त्यासाठी वेगळे लायसन्स असे. सह्यगिरी वाहतूक सहकारी संस्थेकडे असे एकोणीस चालक होते. त्यांतल्या बायका दोन, आणि अकरा वर्षे एकही ओरखडा न आणलेली फक्त ऋतुजा देशमाने. वय सदतीस.

डिसेंबरच्या एका सकाळी ती ड्युटीवरून परतली तेव्हा जिन्यातच तिला करपलेल्या दुधाचा वास आला. ती दोन-दोन पायऱ्या चढत आली. शेगडीवरचे पातेले काळे पडले होते. शेजारच्या खोलीत, चार पावलांवर, दिनकरराव शांतपणे बातम्या बघत होते.

"नाना! अहो, दूध!"

"अरे देवा. आलं वाटतं वर."

"वर येऊन, सांडून, करपून झालं. सगळ्या जिन्यात वास सुटलाय. तुम्हाला कसा नाही आला?"

"सर्दी झालीय गं जराशी," ते म्हणाले. त्यांना सर्दी नव्हती. पातेले मात्र त्यांनी स्वतः घासले. पाऊण तास लागला.

१८ जानेवारीच्या सोमवारी, चिपळूण डेपोच्या कँटीनमध्ये वडा खाताना ऋतुजाच्या फोनवर संदेश आला. 'आपली तीस दिवसांची सरासरी ४२ असून आपल्या वयोगटाची मर्यादा ४० आहे. चौदा दिवसांत तज्ज्ञांकडून तपासणी करून न घेतल्यास आपले घाटचालक लायसन्स स्थगित होईल. काळजी घ्या.'

तिने तो तीनदा वाचला. 'काळजी घ्या' हे शब्द तिला विशेष खटकले. वडा अर्धा राहिला. दुपारची फेरी तिनेच आणली. लायसन्स अजून चालू होते.

*

डॉ. फरीदा मुल्ला यांचा दवाखाना मलकापूर रस्त्यावर होता. मेंदूविकाराच्या डॉक्टर असूनही त्या रुग्णाला खूप वेळ देत, त्यामुळे बाहेर नेहमी गर्दी असे.

"हात पुढे करा. बोटं पसरा. आता डोळे मिटा." त्यांनी मनगटे हलवून पाहिली, चालायला लावले, एक वाक्य लिहायला सांगितले. "मला तर काहीच दिसत नाही."

"मग बेचाळीस कसे?"

"आकडा हातांच्या आधी बोलतो, तेच त्याचं काम. वास नीट येतो का? या आजारात पुष्कळदा सगळ्यात आधी वास जातो."

"येतो. मागच्या महिन्यात घरी दूध करपलं तर मला खाली जिन्यातच कळलं."

"चांगलं आहे." डॉक्टरांनी लिहून घेतले. "घाबरू नका. आता पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. महिन्याला एक इंजेक्शन असतं. चुकीच्या घडीचं प्रथिन पसरायचं थांबतं. झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढचं टळतं. लवकर सुरू केलं तर माणूस आयुष्यभर आपल्या हातानं जेवतो."

"आणि गाडी?"

डॉक्टरांनी वही मिटली. "खात्री पटली तर घाटाचं लायसन्स राहत नाही. नियम आहे तो. हे प्रथिन मानेवरच्या त्वचेतही सापडतं; ती तपासायला तुम्हाला पुण्याला पाठवू. नंबर एकोणतीस तारखेचा आहे. तोवर थांबा."

ऋतुजा थांबली; पण स्वस्थ बसणे तिला साधले नाही. स्वतःच्या हातांची ती सतत पारख करू लागली. सुईत दोरा ओवून बघ, कप काठोकाठ भरून बघ. कप नेहमीच थोडा हिंदकळतो. पूर्वी ते तिच्या नजरेत भरत नव्हते. निखिल, तिचा नवरा, पाटणच्या शाळेत विज्ञान शिकवत होता. त्याने तिसऱ्या दिवशी विचारले, "चहा दोन्ही हातांनी का धरतेस? प्रसाद आहे का तो?"

"थंडी आहे," ती म्हणाली.

त्याला सांगायचे तिने टाळले. सांगितले की तो वाचायला बसणार, वाचून झाले की समजावायला बसणार, आणि मग ती गोष्ट खरी होणार, असे तिला वाटत होते. नानांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. बायकोच्या आजारपणात त्यांनी दीड वर्ष काढले होते. पुन्हा घरात फायली नकोत.

२२ तारखेला घाटात तिसऱ्या मोठ्या वळणावर तिला स्टिअरिंग थरथरल्यासारखे वाटले. रस्ता उखडलेला होता, एवढेच. पण तिने वेग कमी केला आणि पुन्हा वाढवलाच नाही. मागून पोफळीच्या एक मावशी ओरडल्या, "अगो, बस हाय का बैलगाडी? माज्या लेकीचा साखरपुडा हाय आज, बारशाला पोचवणार काय?" बस हसली. ऋतुजाही हसली. चिपळूणला गाडी बावीस मिनिटे उशिरा पोहोचली. अकरा वर्षांत तिने इतका उशीर फक्त दरड कोसळल्यावर केला होता.

मागे सत्तेचाळीस माणसे बसलेली असताना स्वतःच्या हातांवर विश्वास नसलेल्या बाईने स्टिअरिंग धरू नये, हा निर्णय तिने त्या संध्याकाळी परत येताना घेतला. एकोणतीस तारखेची वाट बघायची गरज तिला वाटेना.

*

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का?" डेपो प्रमुख शेडगे यांनी फॉर्म तिच्याकडे परत सरकवला. २३ जानेवारी, शनिवार, सकाळचे अकरा. "चौदा दिवस दिलेत ना त्यांनी? अजून नऊ बाकी आहेत. स्वतःहून लायसन्स ठेवून जाणारा माणूस मी बघितला नाही अजून. लोक काढून घेतलं तरी सोडत नाहीत!"

"साहेब, मला आत्ता भीती वाटतेय. भीती वाटत असताना घाट चालवत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत."

"मी धुक्याबद्दल बोललो होतो."

"हेही धुकंच आहे."

फॉर्म पुन्हा जवळ ओढून शेडग्यांनी वाचला. "सोबत तीस दिवसांचा लेन्सचा तक्ता लागतो, रोजचा. आणि तुमची लॉगशीट. दोन्ही जोडा. दोन्हींवर सही करा. पान न् पान."

लॉगशीट म्हणजे चालकाची दैनंदिनी: कुठली गाडी, किती वाजता निघाली, रात्रीचा मुक्काम कुठे. संस्थेत ती अजून कागदावर, चालकाच्या हाताने लिहिली जाई. सह्या करायच्या म्हणून ऋतुजाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तक्त्यात तारीख, वेळ, डबीचे ठिकाण आणि आकडा असे चार रकाने होते. आजवर तिने फोनवर फक्त सरासरीचा आलेख पाहिला होता. रोजचा तक्ता पहिल्यांदाच समोर आला.

९ जानेवारी. लॉगशीटवर: मुक्काम चिपळूण.

तक्त्यात त्या तारखेला दोन ओळी होत्या. '१९:५०, चिपळूण डेपो, १२.' खाली: '२०:३५, कराड, घर, ७३.'

तिने पेन खाली ठेवले. चिपळूणहून कराडला पाऊण तासात कुणी पोहोचत नाही. शिवाय त्या रात्री ती चिपळूणच्या विश्रांतिगृहात होती. सहकारी चालक सुनंदाशी दहा वाजेपर्यंत पत्ते खेळली होती आणि हरली होती.

आता ती तक्ता वेगळ्या नजरेने वाचू लागली. काही दिवस एक ओळ, काही दिवस दोन, काही आठवडे एकही नाही. दोन्ही डोळ्यांत लेन्स घालणारे लोकही असतात, म्हणून दोन नोंदींना यंत्र हरकत घेत नव्हते. दोन्ही सरासरीत धरत होते. आकडे दोनच प्रकारचे होते. बारा-तेराच्या आसपासचे आणि सत्तरच्या पुढचे. मधला एकही नाही. रोग असा उड्या मारत नाही. एका शरीराचे हे आकडे नव्हतेच.

तिच्या नावावर आणखी कुणीतरी रडत होते, असे म्हणायला हरकत नव्हती. आणि कराडच्या घरातल्या डबीत लेन्स टाकणारे माणूस तिच्याशिवाय एकच होते.

"काय झालं?" शेडग्यांनी विचारले.

"साहेब, फॉर्म राहू द्या. आज माझी सुट्टी लावा."

"सही?"

"नाही करत."

"शहाणी बाई," शेडगे म्हणाले, आणि फॉर्म दुमडून त्यांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

रिक्षात बसल्यावर पहिली पाच मिनिटे तिला फक्त मोकळे वाटत होते. हात मांडीवर पडले होते आणि ते तिचेच होते. सहाव्या मिनिटाला तिला करपलेले दूध आठवले. चार पावलांवर बसलेला माणूस आणि न आलेला वास. डॉक्टरांचा प्रश्न. सुटका झाल्याचा आनंद तिने तिथेच घडी करून बाजूला ठेवला.

*

दिनकरराव ड्रॉवरशीच बसले होते. विम्याचा नवा खोका आला होता. खोका मोडून झाला होता, पट्ट्या मांडीवर होत्या.

"आज लवकर?" ते म्हणाले. "हे बघ, या लोकांनी मुदत संपायला आलेला माल ज्येष्ठांच्या गळ्यात मारलाय. मार्च एंड. हे सगळं आता तुझ्या मालाच्या पुढं लावावं लागणार."

ऋतुजा त्यांच्यासमोर फरशीवर बसली. "नाना, तुम्ही पट्ट्या लावता तेव्हा माझ्या कुठल्या, तुमच्या कुठल्या, ते कसं ठरवता?"

"ठरवायचं काय त्यात? नंबर नाही, पॉवर नाही. एकच माल आहे. जवळची तारीख पुढे, लांबची मागे."

"तुमचा फोन द्या जरा. लेन्सचं खातं उघडा."

त्यांनी ते खाते योजना सुरू झाली त्या दिवसानंतर उघडले नव्हते. अंगठा लावून दिला. तिने रोजचा तक्ता शोधला आणि दोन ओळी खाली गेली.

"नाना, ११ जानेवारीला तुम्ही चिपळूणला होता."

"मी? कोकणात?" ते हसले. "मला फिरवून आणलंस आणि पत्ताही लागू दिला नाहीस होय गं? मासे तरी खाल्ले का मी?"

"संध्याकाळी सात पंचावन्नला तुमच्या नावाची लेन्स चिपळूण डेपोच्या डबीत पडलीय. आकडा बारा."

त्यांचे हसू ओसरायला फार वेळ लागला नाही. हातातल्या पट्टीची त्यांनी पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, मग रद्दीच्या ढिगातून मोडलेला खोका ओढून काढला. त्याच्या एका बाजूला त्यांचे नाव छापलेले होते. एक्केचाळीस वर्षे औषधांच्या वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचणाऱ्या माणसाने ते नाव वाचले होते आणि पत्ता म्हणून सोडून दिले होते.

"खोक्यावर नाव आहे," ते म्हणाले. "पट्टीवर नाही."

"हो."

"म्हणजे पेशंटची बाटली फोडून मी दुसऱ्याच्या बाटलीत ओतली." त्यांनी चष्मा नसलेले नाक उगाच चिमटीत धरले. "तुला काय त्रास झाला त्यानं? खरं सांग."

तिने सांगितले. बेचाळीस, डॉक्टर, लायसन्स, सकाळचा फॉर्म. आवाज एकसारखा ठेवायचा तिने प्रयत्न केला. सांगताना तिच्या लक्षात आले की पाच दिवसांत हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सगळे सांगते आहे.

"आणि वरचे आकडे?" त्यांनी विचारले. "सत्तरवाले?"

तिने फोन पालथा ठेवला.

"पोरी, मी दुकानदार आहे. माल दोघांचा होता. बारा तुझे असतील तर उरलेले कुणाचे, ते मला कळतं."

"नाना..."

"तुझे नाहीत ना? नक्की?"

"नक्की. चिपळूणच्या डबीत पडलेला प्रत्येक आकडा बारा-तेराच आहे, नाव कुणाचंही असो. तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं."

दिनकररावांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाले, "चला. मग ठीक आहे."

"ठीक काय? तुम्ही वासाचं का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? गेल्या गणपतीपासून धुपाचाही येत नाही. म्हटलं, वय झालं. नाक निवृत्त झालं असेल. दुकानात चाळीस वर्षं टिंक्चर न् स्पिरिट हुंगलंय, तेवढं चालायचंच." थोड्या वेळाने त्यांनी पुढे जोडले, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही मला शेगडीजवळ जाऊ दिलं नसतं."

संध्याकाळी निखिल आला तेव्हा दोघे अजून ड्रॉवरशीच बसले होते. त्याने सगळे ऐकले, दोन्ही तक्ते मागितले, वाचले, आणि त्याला पहिले जे सुचले ते असे होते: "पाच दिवस? मला पाच दिवस सांगितलं नाहीस?" तो भांडला. ऋतुजाही भांडली. दिनकररावांनी मध्येच विचारले, "माझ्या आजारावर पण कुणी भांडणार आहे का? का मी चहा ठेवू?" तेव्हा दोघेही थांबले.

*

डॉ. मुल्ला यांनी दोन्ही तक्ते एकाखाली एक लावले आणि बराच वेळ डोके हलवत राहिल्या.

"गंमत बघा," त्या म्हणाल्या. "दोघांची सरासरी जवळपास एकच. तुमची बेचाळीस, यांची एक्केचाळीस. मर्यादा तुमच्या वयाला चाळीस, म्हणून तुम्हाला इशारा. पासष्टीनंतर ती साठ होते, म्हणून यांना काहीच नाही. खरे आकडे वेगळे काढले तर तुम्ही बारा आणि हे बहात्तर."

"मी बहात्तरचाच आहे," दिनकरराव म्हणाले. "वय आणि आकडा जुळलाय. रेकॉर्ड स्वच्छ."

डॉक्टर हसल्या नाहीत. "काका, तुम्ही ड्रॉवर नीटनेटका केला नसता तर पहिले तीस दिवस भरताच तुम्हाला इशारा आला असता. तीन महिने सुनेनं तुमचा आकडा खाली ओढून धरला."

ऋतुजाने विचारले, "हे कळलं नसतं आणि मी एकोणतीस तारखेला नुसती त्वचेची तपासणी केली असती तर?"

"तुम्ही सुटला असता. लेन्स सदोष म्हणून फाइल बंद झाली असती. हे एक्केचाळीसवर राहिले असते. हात थरथरेपर्यंत कुणी विचारलं नसतं." त्यांनी दिनकररावांचे हात आपल्या हातात घेऊन मनगटे फिरवून पाहिली. डावे किंचित अडखळले. "अजून वेळेत आहात. पुण्याचा अहवाल येऊ द्या. आला की पहिलं इंजेक्शन. वास परत यायचा नाही, हे आधीच सांगते."

"हात?"

"हात राहतील."

दिनकररावांनी हात मागे घेतले आणि शर्टाच्या खिशातली पावती नीट करून परत ठेवली.

अहवाल २ फेब्रुवारीला आला. ऋतुजाचा स्वच्छ, दिनकररावांचा अपेक्षेप्रमाणे. त्याच आठवड्यात पहिले इंजेक्शन झाले. कंपनीला ऋतुजाने दोन पानी पत्र लिहिले. नाव पट्टीवर छापा, एवढीच मागणी. उत्तर आले की सूचनेचा विचार चालू आहे.

दिनकरराव विचारासाठी थांबले नाहीत. त्यांनी जाड पुठ्ठ्याचा पडदा कापून ड्रॉवरचे दोन भाग केले. डावा सुनेचा, उजवा स्वतःचा. खोका उघडला की आधी प्रत्येक पट्टीवर पक्क्या शाईने नाव, मगच रबर बँड. अक्षर तिरके आणि बारीक, औषधाच्या पुडीवर 'जेवणानंतर' लिहायचे तेच. प्रत्येक भागात आत जवळची तारीख पुढे, लांबची मागे. ती सवय मोडायला डॉक्टरांनीही सांगितले नव्हते.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी ऋतुजा साडेसहाला निघाली. तीस दिवसांची सरासरी बारा. बॅगेच्या कप्प्यात 'ऋतुजा' लिहिलेली पट्टी होती. कप्पा बंद करताना तिने नाव वाचले.

स्वयंपाकघरात दिनकरराव शेगडीसमोर उभे होते. हात मागे बांधलेले, मान थोडी पुढे. पातेल्यातल्या दुधावर त्यांची नजर खिळली होती.

"नाना, बसा की. मी बघते पाच मिनिटं."

"तू घाट बघ," ते मान न वळवता म्हणाले. "दूध माझ्याकडे."

दूध कडेने फुगले, मध्यावर आले, वर चढू लागले. काठाच्या बोटभर खाली असतानाच त्यांनी शेगडी बंद केली. ओट्यावर एक थेंबही पडला नाही. ऋतुजाने दार ओढून घेतले आणि एक-एक पायरी मोजल्यासारखी, सावकाश जिना उतरली.